मागे वळून बघणारा बाजार

व्हिएतनामच्या दक्षिणेला, मोठी नदी समुद्राला मिळण्याआधी जिथे असंख्य फाट्यांत फुटते, त्या पाणथळ मुलखात आन लाम नावाचं एक गाव आहे. गावात देऊळ आहे, शाळा आहे, पण बाहेरचा माणूस तिकडे वाट वाकडी करून जातो तो बाजारासाठी. नदीच्या काठाकाठाने टोपल्या, पाट्या आणि पाण्याने भरलेल्या घमेल्यांची लांबच लांब ओळ लागते. घमेल्यांत जिवंत मासे उसळत असतात. केळीच्या सोपटाने नांग्या बांधलेले खेकडे बुडबुडे काढत बसलेले असतात. केळफुलं, कमळाचे देठ, नाळीच्या भाजीच्या जुड्या, गवती चहा, पुदिन्याच्या भावकीतला नाना तऱ्हेचा पाला, तांदळाच्या ओल्या शेवयांचे पांढरे ढीग, केळीच्या पानात बांधलेला चिकट भात. आणि या सगळ्यावर खारवलेल्या माशाच्या पाण्याचा वास. पहिल्या दिवशी तो नकोसा वाटतो, आणि परतून आल्यावर महिनाभर त्याच्यावाचून जेवण अळणी लागतं.

पण उजाडता उजाडता तिथे पोचलात तर तुम्ही बुचकळ्यात पडाल. बाजार सगळा मांडलेला असतो, गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन उभी असतात, आणि तरीही कुणी काही विकत नाही. भाव विचारला तर भाजीवाली हसते आणि हनुवटीने बाजाराच्या तोंडाशी असलेल्या वडाकडे खूण करते. वडाखाली एक बसका धोंडा आहे. वापरून वापरून मधोमध खोलगट झालेला, आपल्या जुन्या पाट्यासारखा. त्या दिवशी बाजारात एकटं आलेलं जे कुणी असेल, बरोबर ना नवरा, ना बायको, ना मैत्रीण, त्याला त्या धोंड्यावर बसवतात. शेजारची शेवयांच्या रश्श्याची गाडी लावणारी बाई एक वाडगा भरून, त्यात बदकाचं अंडं फोडून त्याच्या हातात देते. तो माणूस दोन घास खातो, तेवढा वेळ सगळा बाजार गप्प असतो. मग सुरू होते ती खरेदी-विक्रीची झुंबड.

दुसरी गोष्ट त्याहून चमत्कारिक. सुरुवातीचे पैसे हातात घेण्याआधी तिथली प्रत्येक बाई मान वळवून आपल्या पाठीमागे बघते. मागे बघण्यासारखं काही नसतं. चिखल असतो, रिकामे पेटारे असतात, एखादं कोंबडं असतं. नव्या पाहुण्यांना वाटतं, मागून कुणी चोरबीर येतोय, आणि ते आपापले खिसे चाचपतात. मग बाजारात हशा पिकतो.

धोंड्याशेजारी रश्श्याची गाडी लावणाऱ्या बाईंना सगळे न्हुंग आजी म्हणतात. वय विचारलं तर त्या विड्याने काळे झालेले दात दाखवत हसतात. पाहुण्यांना ही हकिगत सांगायचा मान त्यांचा. दुसऱ्या कुणी सांगायला घेतली तर त्या पळीने पातेल्यावर ठोकतात आणि म्हणतात, "थांब, तुला पहिल्यापासून येत नाही." आणि त्या स्वतः पहिल्यापासून सांगतात.

आपल्याकडच्या माणसाला यातलं निम्मं समजावून सांगावं लागत नाही, कारण भवानी म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. सकाळची पहिली विक्री चांगली झाली की दिवस चांगला जातो. पहिल्या गिऱ्हाइकाने घासाघीस करू नये. आणि भाव विचारून, वस्तू हातात घेऊन, ती तशीच ठेवून निघून जाऊ नये. आन लामच्या बाजारात हे फारच कडक पाळत. कुणाच्या पायगुणाने भवानी होते यावर घरची चूल पेटणार की नाही ते ठरतं, असं तिथल्या बायका मानत. अजूनही मानतात, फक्त आता वेगळ्या तऱ्हेने.

ही गोष्ट फार जुनी आहे, असं सांगतात. तेव्हा बाजार म्हणजे काठावर कावडी उतरवून बसलेल्या मूठभर बायका. गावात थोआ नावाची एक मुलगी लग्न होऊन आली. तिचं माहेर नदीच्या खूप वरच्या अंगाला, जिथे बाजार भरतच नसे. अधूनमधून सामानाची नाव यायची, माणसं काठावर जमायची, हवं ते उचलून बघायची, नको ते परत ठेवायची. ठेवलं म्हणून कुणाला राग येत नसे. थोआला बाजारहाटाची माहिती होती ती एवढीच.

सासरी आल्यावर दुसऱ्या सकाळी सासूने तिला अंडी आणायला पाठवलं. ती हौसेने लवकर गेली. अंडी विकायला गाम नावाची बाई बसे, अंगाने आडवी, जिभेने तिखट, पण हिशोबाला सरळ. थोआने टोपलीतलं एक बदकाचं अंडं उचललं, तळहातावर तोललं, उजेडाकडे धरून बघितलं, भाव विचारला आणि अलगद परत ठेवलं. तिच्या मनात एवढंच होतं की सगळ्या टोपल्या एकदा बघून याव्यात आणि मग घ्यावीत. नव्या गावातला पहिला बाजार, तो जरा डोळे भरून बघावासा वाटणारच की.

गामची भवानी व्हायची होती. तिने थोआकडे बघितलं. अपशकुन घालवायला वाळल्या गवताची चूड पेटवून तिने टोपलीभोवती ओवाळली आणि ती जळती चूड नदीत फेकली. थोआला वाटलं, ही इथली पूजा असेल. ती आदराने हात जोडून उभी राहिली म्हणे. न्हुंग आजी हे सांगताना हसतात, आणि हसता हसता डोळे पुसतात.

त्या दिवशी दुपारी वादळ आलं. नदीच्या मुखाशी मासेमारीला गेलेली एक नाव परत आली नाही. नावेत दोघंच होते. एक थोआचा नवरा, दुसरा गामचा एकुलता एक मुलगा.

त्यानंतर कुणी दवंडी पिटली नाही की पंचायत बसली नाही. थोआची सासू लेकीच्या गावाला निघून गेली आणि जाताना सुनेला चल म्हणाली नाही. आणि बाजारात थोआ दिसली की बायका टोपल्यांवर फडकी टाकू लागल्या. "भवानी व्हायचीय अजून," एवढंच म्हणत. त्यात शिवी नव्हती. पण थोआला जे समजायचं ते समजलं. खरं सांगायचं तर ते कुणी तिला समजवायची गरजच नव्हती. ते अंडं आपण खाली ठेवलं म्हणून ती नाव बुडाली, हे तिने स्वतःच सगळ्यांच्या आधी मान्य करून टाकलं होतं.

म्हणून ती वडाखाली थांबू लागली. तिथे कुणीतरी कधीकाळी धुणं धुवायला आणलेला धोंडा पडला होता, त्यावर ती बसे. बाजारातल्या शेवटच्या बाईची भवानी होईपर्यंत तिथून हलत नसे. पहिले पैसे मिळाले की बाई ते कपाळाला लावते आणि आपल्या मालावरून फिरवते. थोआ एकेकीचा हात कपाळाला जाताना बघत राही. सगळ्यांचे हात जाऊन आले की मग उठायची. तोवर भाजी माना टाकायची. माशांतली शेपटं उरलेली असत. दिएप नावाची बाई शेवयांचा रस्सा विकत असे, तिच्या पातेल्याच्या तळाचं थोडंसं कोमट पाणी आणि हाडं उरलेली असत. ते थोआ घरून आणलेल्या करवंटीत घेई आणि वडाच्या आडोशाला उभ्याने पिई. बाजारातल्या वाडग्याला तिने कधी हात लावला नाही.

लव्हाळ्याच्या चटया विणून तिचं पोट भरत असे. एका जिवाला लागतं किती! भाजी एक दिवसाआड आणली असती तरी चाललं असतं. पण ती रोज यायची, कारण दिवसभरात माणसाचा आवाज कानावर पडेल अशी तिला तेवढी एकच जागा होती. तिकडे, आपल्यासारखंच, ओळख असो नसो, माणसाला नात्याने हाक मारतात. मासेवाली भाजीवालीला ताई म्हणे, भाजीवाली गामला मावशी म्हणे, म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला सगळ्या आजी म्हणत. थोआला कुणी काहीच म्हणत नसे. तिच्याविषयी बोलायची वेळ आली तर म्हणत, "ती, धोंड्यावरची."

असं सांगतात की घरी चटई विणताना थोआ बाजारातलं बोलणं पुन्हा पहिल्यापासून बोलत असे. मासेवालीचं वाक्य मासेवालीच्या आवाजात, भाजीवालीचं भाजीवालीच्या. आणि त्यांच्या मधे हळूच स्वतःचं एखादं वाक्य घालायची. "हो ना ताई, आज ऊन फार आहे." मग थोडा वेळ थांबायची, जणू पलीकडून उत्तर यायचंय. शेजाऱ्यांनी भिंतीला कान लावून हे ऐकलं, आणि बाई बिथरली म्हणून तिच्या दारावरून जाणंही सोडलं.

वर्षं गेली. थोआचे केस पिकायला लागले, धोंडा बसून बसून गुळगुळीत झाला. गामही म्हातारी झाली. मुलगा गेल्यावर नवरा गेला. घरात ती आणि तिची बदकं. पण थोआकडे तिने त्या दिवसानंतर मान वर करून बघितलं नव्हतं, आणि गाम बघत नाही म्हणून बाकीच्याही बघत नसत. दिएपला कधीकधी वाटे, निदान पातेल्यातलं गरम आहे तोवर त्या बाईला द्यावं. पण बाजारात बसून गामचा शब्द मोडायची तिची छाती नव्हती.

मग तापाची साथ आली. वरच्या गावांत आली, खालच्या गावांत आली, आन लाम तेवढं कसं कोण जाणे वाचलं. पण गावोगावच्या लोकांनी आपापल्या घाटांवर बांबू आडवे टाकले. नावा बंद झाल्या. आन लामच्या माणसांनीही घराची दारं लावून घेतली. बाजाराला गिऱ्हाईक म्हणून राहिलं नाही.

बायका मात्र रोज येऊन बसत. माल घरी ठेवून करणार काय? आणि इथेच या बाजाराची अशी पंचाईत झाली की सांगताना न्हुंग आजींना आजही राग येतो. बाजारातल्या बाईची भवानी बाजारातल्याच बाईने करायची नाही, हा तिथला नेम. भवानी झाल्याशिवाय काही विकायचं नाही, काही बदलायचं नाही, फुकट तर मुळीच काही द्यायचं नाही. त्यामुळे मासेवाली घरी नुसते मासे खाऊ लागली, तांदूळवाली नुसता भात, आणि मीठवाली बिचारी घरी जाऊन काय करत असेल ते तिलाच ठाऊक. शेजारीशेजारी बसलेल्या, एकमेकींच्या टोपल्यांकडे बघत. भाजी सडत होती. दिएप रोज पातेलं चढवायची आणि रोज रस्सा नदीत ओतायची. ती रडायची आणि ओतायची.

आणि समोर, वडाखाली, एक गिऱ्हाईक होतं.

थोआ रोज येत होती. घरातला तांदूळ संपला होता. चटया घ्यायला कुणी येत नव्हतं, पण जुने थोडे पैसे गाठीला होते, ते ती मुठीत धरून बसायची. भरल्या बाजारासमोर बसून ती बायकांचे हात कपाळाला जायची वाट बघायची, आणि हात जात नसत. उन्हं वर आली की उठून जायची आणि ओढ्याकाठची नाळीची भाजी उपटून नुसती उकडून खायची. बायकांना ते माहीत होतं. तिला विकलं तर भवानी होते, सगळा गाडा सुटतो, हेही एकेकीच्या मनात येऊन गेलं होतं. पण ब्र कुणी काढला नाही. आणि थोआनेही काढला नाही. तिला वाटे, एकदा माझ्या हाताने दोन माणसं गेली, आता साथ दाराशी आलेली असताना माझ्या हाताने भवानी झाली तर अख्खं गाव जाईल. भुकेने मेलं तर आपण एकटं मरू. ती त्या बायकांना सांभाळत होती. सांभाळणाऱ्या माणसाला त्या टोपलीवर फडकं टाकून दूर ठेवत होत्या.

एका सकाळी थोआ आली ती वडाला धरून धरून. धोंड्यावर बसताना तिच्या हातातली करवंटी सुटली आणि उताराने गडगडत आली. नेमकी गामच्या टोपलीला लागून थांबली. थोआ अर्धवट उठली. मग तिच्या लक्षात आलं की गामची भवानी व्हायचीय. टोपलीजवळ जाता येणार नाही. ती पुन्हा खाली बसली आणि लांबून करवंटीकडे बघत राहिली.

गामने करवंटी उचलली. तिच्या कडा ओठ लागून लागून झिजल्या होत्या. कडेला एक चीर गेली होती आणि ती लव्हाळ्याच्या दोऱ्याने शिवून काढलेली होती. गाम बराच वेळ ती हातात फिरवत बसली. मग एका हातात करवंटी, दुसऱ्या हातात बदकाचं एक अंडं घेऊन ती उठली. भवानीआधी टोपली सोडून उठलेली बाई त्या बाजाराने तोवर बघितली नव्हती. सगळ्या श्वास रोखून बघत राहिल्या.

"धर," गाम म्हणाली.

थोआने हात मागे घेतले. "मावशी, अजून भवानी नाही झाली तुमची."

"तूच कर."

"नको. पुन्हा काही झालं म्हणजे?"

"माझं आता काय व्हायचं राहिलंय गं? घरी खाणारं कोण आहे? एवढी अंडी मी एकटीने किती खायची?" गामचा आवाज चढला आणि मधेच बसला. "त्या दिवशी हातात घेऊन ठेवलंस. आज ठेवू नकोस, पोरी."

"काय म्हणालात?"

"पोरी म्हणाले. कान गेले का तुझे?"

थोआने अंडं घेतलं. तळहातावर तोललं नाही, उजेडाला धरलं नाही. मुठीतले पैसे गामच्या हातावर ठेवले. गामने ते कपाळाला लावले आणि कितीतरी वेळ हात कपाळावरून काढलाच नाही.

दिएप पातेल्याशी धावली. वाडग्यात शेवया घातल्या, वरून उकळता रस्सा ओतला, पाला चुरडला, ते अंडं त्यातच फोडलं. करवंटीत नाही, बाजारातल्या वाडग्यात. वाडगा थोआच्या हातात आला तेव्हा तिला तो धरवेना, इतका गरम होता. गरम वाडगा धरायची तिच्या हातांची सवयच गेली होती. तिने अंगरख्याच्या टोकाने धरला आणि पहिला घोट घेतला.

तेवढ्यात नदीच्या वळणावरून शंख ऐकू आला. एक नाव, मागून आणखी नावा. वरच्या गावांतली साथ ओसरली होती, बांबू निघाले होते, आणि उपाशी माणसं बाजाराला निघाली होती. पायगुणच म्हणायचा. बायकांचं भान हरपलं. कुणी टोपली सावरली, कुणी माशांवर पाणी मारलं, तांदूळवाली तर हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. घाट नदीकडे, गिऱ्हाइकं नदीकडे, म्हणून सगळ्यांची तोंडंही नदीकडे. गामही लगबगीने आपल्या टोपलीशी गेली. कितीतरी दिवसांनी बाजार वाहू लागला.

थोआ धोंड्यावर बसून खात होती. घास घेता घेता तिला वाटत होतं, आता कुणीतरी येईल. गाम येऊन शेजारी टेकेल. कदाचित विचारेल, रस्सा आवडला का, आणखी हवा का. तिने मुद्दाम हळूहळू खाल्लं. शेवटचा घोट तर गार होऊन गेला. कुणी आलं नाही. कुणी आलं नाही ते दुष्टपणाने नव्हे. जो तो आपापल्या गिऱ्हाइकात होता.

तिने वाडगा नदीच्या पाण्याने धुतला, धोंड्यावर पालथा घातला, वर शेवया खायच्या दोन काड्या आडव्या ठेवल्या. तिच्या घराची वाट वडाच्या मागूनच जात होती, सरळ. पण ती त्या वाटेने गेली नाही. ती बाजाराच्या पाठीमागून चालत गेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

दुपार टळली तेव्हा टोपल्या रिकाम्या झाल्या होत्या. गामने मात्र एका पानात थोडं बांधून बाजूला ठेवलं होतं. मासेवालीकडून घेतलेला ताजा मासा, कोवळी भाजी, मूठभर तांदूळ. थोआला घेऊन घरी जायचं, रात्री दोघींनी मिळून चूल पेटवायची, असं तिने मनाशी ठरवलं होतं. ती वडाशी आली. धोंड्यावर पालथा वाडगा होता. तिने हाक मारली, आणि हाक मारताना तिच्या लक्षात आलं की आपण हे नाव आजवर कधी तोंडाने उच्चारलेलंच नाही.

मग बायकांना ती पावलं दिसली. बाजाराच्या मागच्या बाजूला ओला चिखल होता आणि तिकडे दिवसभरात कुणी फिरकलं नव्हतं. पावलं थोआचीच होती. प्रत्येक बाईच्या बसायच्या जागेमागे ती थांबलेली होती. दोन्ही पावलं जुळवलेली, बोटं बसणाऱ्या बाईच्या पाठीकडे. भाजीवालीच्या मागे, मीठवालीच्या मागे, दिएपच्या मागे. कुणी मान वळवून एवढंच विचारलं असतं की, निघालीस का, तर ती तिथे राहिली असती. गामच्या जागेमागची पावलं सगळ्यांत खोल रुतलेली होती. तिथे ती फार वेळ उभी राहिली होती. गाम तेव्हा कुणाच्या तरी पिशवीत जपून अंडी ठेवत होती.

शेवटच्या टोपलीच्या पुढे कडक जमीन लागते. तिथून पुढे काही उमटलं नव्हतं.

थोआच्या घरात चटई अर्धी विणलेली तशीच होती. कुणी म्हणतं, ती नदीच्या वरच्या अंगाला जाणाऱ्या नावेत बसून माहेरी गेली. कुणी म्हणतं, अंगात त्राण नव्हतं, शेताच्या बांधावर कुठेतरी पडली असेल. नावाड्यांना विचारलं, बांध पालथे घातले, काही कळलं नाही. पण त्या रात्री भरतीचं पाणी बाजारात चढलं आणि उतरलं, तरी ती पावलं पुसली गेली नाहीत, असं सांगतात. पुढच्या भरतीलाही नाहीत. गामचे डोळे मिटेपर्यंत ती तिथे होती म्हणे.

दुसऱ्या सकाळी गामने दिएपकडून एक वाडगा भरून घेतला, त्यात अंडं फोडलं आणि धोंड्यावर नेऊन ठेवला. तो निवेपर्यंत वाट बघितली आणि मगच टोपलीवरचं फडकं काढलं. रोज हेच. एके दिवशी कुठूनसा आलेला एक एकटा फेरीवाला काही ठाऊक नसल्यामुळे त्या धोंड्यावर टेकला. बायका त्याला उठवायला धावल्या. गामने त्यांना थांबवलं, वाडगा त्याच्या हातात दिला आणि तो खाईपर्यंत समोर उकिडवी बसून राहिली. त्या दिवसापासून वाडगा कधी धोंड्यावर गार झाला नाही. एकटं माणूस काय, कुठल्याही बाजारात रोज एक तरी येतंच.

आणि गाम पहिले पैसे घेण्याआधी मान वळवून मागे बघू लागली. तिने ते कुणाला शिकवलं नाही, कुणाला बघायला सांगितलं नाही. शेजारणीही बघू लागल्या, मग त्यांच्या लेकी, मग सुना.

आजही आन लामला सकाळी सकाळी कुणी एकटं गेलं, तर त्याला वडाखालच्या धोंड्यावर बसवतात. वाडगा पुरता तापलेला असतो. न्हुंग आजी तो हातात देतात, समोर उकिडव्या बसतात आणि घास मोजल्यासारख्या बघत राहतात. रस्सा संपला की आणखी थोडा ओततात, नको म्हटलं तरी ओततात. मग बाजार सुरू होतो, गर्दी उसळते, आणि त्यांना गाडीकडे जावंच लागतं. पहिलं गिऱ्हाईक पैसे पुढे करतं. न्हुंग आजी हात तसाच अधांतरी ठेवून आधी मागे वळतात. मागे कुणी नसतं. चिखल असतो, रिकामे पेटारे असतात. तरी त्या दरवेळी विचारतात, आणि उत्तर येईल एवढा वेळ थांबतात, "निघालीस का गं पोरी? बस की थोडं."